मिळून येणं

भांडुपला, पाइपलाइनच्या अलीकडे,
आमच्या प्रयोगशाळेत एक पट्टी आहे.
हातभर लांब, निकेल चढवलेली,
डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला चाळीस.
मधल्या अंतरात बसतात
पाचगणीची रात्र, नाशिकची सकाळ,
आरेतली पहाट आणि दुपारचं कुर्ला.

इनास डाबरेंनी पट्टी स्पिरिटनं पुसली,
बाटली कलती केली, फेस येऊ न देता,
आणि दुधासारखं बाइंडर ओढलं
थंडीकडून उन्हाकडे, एका दमात.
मध्ये हात थबकला तर वळ उठतो
आणि तो वळ थेट अहवालात जातो.

वर काचेचं झाकण. कोरड्या हवेची बारीक शीळ.
आता दोन तास काहीच करायचं नसतं.

तक्रार पाचगणीची.
शाळेची भिंत, डिसेंबरात रंगवलेली.
पाकिटात पोपडे, सोबत निळ्या शाईची चिठ्ठी:
"साहेब, रंग सुकला पण धरला नाही.
बावळेकर, पेंटर."
वर तांबड्या पेनानं आमच्या साहेबांचा शेरा:
पाणी जास्त घातलं असणार.
हे आमच्याकडचं मलम,
कुठल्याही तक्रारीला चालतं.

मी पुस्तकात शिकले ते असं:
पाणी उडून जातं, कण जवळ येतात.
ऊब असली तर मऊ पडतात,
एकमेकांच्या अंगात शिरतात,
मग शिवण कुठे होती सांगता येत नाही.
नसली, तर पाणी तरीही जातंच.
पाणी कुणासाठी थांबत नाही.
कण नुसते खेटून राहतात,
बरणीतल्या साबुदाण्यासारखे.

डाबरे एवढं सगळं म्हणत नाहीत.
"मिळून आलं पाहिजे," म्हणतात.
"डाळ शिजते, पाणी उकळतं, मीठ बरोबर असतं,
आणि वाढताना वर पाणी, खाली डाळ.
तिला काय आमटी म्हणायचं?"

दोन तासांनी झाकण काढलं.
उजवीकडे काही लावलंय असं वाटूच नये,
निकेल जसंच्या तसं चमकतंय.
डावीकडे पांढरं, भेगाळलेलं,
आमच्या पलीकडच्या मिठागरासारखं.

भिंग लावून मी हद्द वाचली: चौदा.
डाबरेंनी भिंग घेतलं नाही.
अंगठ्याचं नख उजवीकडून हळूहळू सरकवत आणलं,
सतरावर थांबले.
"इथून पुढे दिसतं जुळल्यासारखं.
पण नख लागलं की सुटतं, बघ."
बघितलं. सुटत होतं.

कपाटातून मागच्या वर्षीची फाइल काढली.
एप्रिलमध्ये आपण त्यातलं एक द्रावक
दीड टक्क्यानं कमी केलं होतं.
महाग होतं, वासही यायचा.
चाचणी गच्चीवरच्या भिंतीवर, एकतीस अंशांत.
भिंत झकास आली होती.
शेवटच्या पानावर "पास" आणि खाली सही,
वळणदार, घाईतली, माझी.

डाबरेंनी ती पाहिली असणार.
ते चहा सांगायला गेले
आणि बऱ्याच वेळानं आले.

रजिस्टरात एकच आकडा मावेल एवढी चौकट असते.
मी सतरा लिहिलं.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पाणी बरोबर होतं.
मग फाइलचा क्रमांक, तारीख,
आणि पुन्हा तीच सही, या वेळी सावकाश.

पट्टी साफ करताना उजवीकडचा पापुद्रा
अख्खा निघून आला, ओढला तर ताणला जाणारा.
डावीकडचं ओल्या फडक्यानं पुसावं लागलं,
तरी बोटांना भुकटी राहिली.

बाहेर पडले तेव्हा एकोणीस अंश होते.
एलबीएस रोडवर अर्ध्या लोकांनी माकडटोप्या घातलेल्या,
आणि भजीवाल्याच्या कढईभोवती
ओळख ना पाळख, माणसं
जरा जास्तच जवळ उभी होती.